माळ्यावरची गाठोडी

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात पेठेतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून गाठोडी खाली उतरतात. पितळेची भांडी चिंचेने उजळली जातात, गाद्यांना ऊन दाखवले जाते आणि मग खारव्यात बांधून सुतळीने आवळलेली पुस्तके व वह्या ओसरीवर येतात. भांड्यांचे काम दुपारपर्यंत आटोपते. पुस्तकांचे मात्र दिवे लागेपर्यंत काही ठरत नाही. धूळ झटकली जाते, चार पाने चाळली जातात, ‘पुढच्या वर्षी बघू’ असे कोणीतरी म्हणते आणि सारे पुन्हा माळ्यावर जाते. घरातील ज्येष्ठाचे वय तेवढे एका वर्षाने वाढलेले असते.

जैन कुटुंबात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अक्षर हे ज्ञानाचे शरीर आहे, ही समजूत येथे लहानपणापासून मुरलेली असते. छापील कागदावर पाय पडू द्यायचा नाही, वर्तमानपत्रावर बसायचे नाही, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे नाही, असे संस्कार ज्या घरात झाले त्या घराला पुस्तक रद्दीच्या तराजूत टाकताना हात थरथरणारच. ज्ञानाची आशातना केली तर ज्ञानावरणीय कर्माचा बंध पडतो, ही शिकवण मनात असते. शिवाय पंचांगही कोड्यात टाकते. दिवाळीच्या सफाईत पुस्तके अंगणात येतात आणि लगेच कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, श्वेतांबर घरांत त्याच पुस्तकांची पूजा होते. दिगंबर परंपरेत हा मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला असतो. ज्याची पूजा करायची ते टाकायचे कसे?

त्या गाठोड्यात असते तरी काय? थोरल्या पिढीने पाठ केलेल्या, कडा झिजलेल्या स्तोत्रांच्या आणि प्रतिक्रमणाच्या पुस्तिका. प्रभावना म्हणून मिळालेली प्रवचने, त्यांतली काही अजून न उघडलेली. मासिकांचे बांधीव अंक. बालभारतीची पाठ्यपुस्तके, ज्यांच्या समासात आज पन्नाशीला आलेल्या मुलाने मिशा काढलेल्या राजांची चित्रे आहेत. लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका, ज्यांवर तीर्थंकरांची प्रतिमा छापलेली असल्यामुळे त्या कोणीच कधी फाडल्या नाहीत. आणि सर्वांच्या तळाशी पेढीच्या वह्या: रोजकीर्द, खतावणी, उधारीच्या याद्या. या ढिगाला भाव विचारला तर रद्दीवाला किलोवर सांगतो. ज्याने तो आयुष्यभर साठवला त्याला मात्र त्याचे मोल कोणत्याच मापात सांगता येत नाही.

उतारवयात हा ढीग शरीराशीही भांडू लागतो. माळ्याच्या शिडीवर चढायला घरातील सर्वांनी बंदी घातलेली असते. पूर्वी सहज वाचता येणारा टाइप आता मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. जाड ग्रंथ पाच मिनिटे धरला की मनगट दुखते. खाली बसले तर उठताना आधार लागतो आणि चौरंगापुढची बैठक हळूहळू खुर्चीवर येते. वृद्धत्वाच्या कसोट्या याच असतात. मोठ्या आजाराला सारे घर धावून येते. या लहान कसोट्या ज्येष्ठाला एकट्यालाच द्याव्या लागतात, कारण त्या सांगण्याइतक्या मोठ्या नसतात.

त्यांची यादी कोणत्याही व्यापारी घरात करता येईल. प्रवचनात महाराजांचे शब्द अर्धे ऐकू येतात. शेजारी हसले की हसायचे, एवढेच उरते. बँकेचा व्यवहार करायचा तर भ्रमणध्वनीवर येणारा सहा आकडी क्रमांक ठराविक वेळेत टिपावा लागतो. ज्याने चाळीस वर्षे तोंडी हिशेब केले, त्याला नातवाला हाक मारावी लागते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या माणसाला डॉक्टर ‘रात्री जेवणानंतर’ अशी गोळी लिहून देतात. नियम मोडावा की गोळी चुकवावी, या विवंचनेत कित्येक जण कोणालाच न विचारता गोळी चुकवतात. खरे तर आपला नियम डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगितला तर औषधाच्या वेळा बहुधा जुळवून घेता येतात. आणि या सर्वांहून अवघड कसोटी किल्ल्यांच्या जुडग्याची. तिजोरीची किल्ली ज्या दिवशी कमरेवरून मुलाच्या हाती जाते, त्या दिवशी घरात काहीच घडलेले नसते. तरी त्या रात्री झोप येत नाही.

या प्रत्येक कसोटीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. काय सोडायचे, केव्हा सोडायचे आणि ते ठरवायचे कोणी? पुस्तकांच्या गाठोड्यात तो डोळ्यांना दिसतो, म्हणून तेथे वादही लवकर पेटतो.

वादात तरुणांची बाजू अगदीच खोटी नसते. मुलगा पुण्यात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात; मराठी बोलतात, पण सलग दोन पाने वाचायची तर दमतात. ‘हे वाचणार कोण?’ या त्यांच्या प्रश्नात उर्मटपणा नसतो. व्यवहार असतो, आणि व्यवहार तर त्यांना याच घराने शिकवला. दुसरीकडे ज्येष्ठाच्या कानांना तोच प्रश्न निराळा ऐकू येतो. ‘पुस्तकांची गरज उरली नाही’ हे वाक्य त्याला ‘माझी गरज उरली नाही’ असे ऐकू येते. मग तो कपाटाला कुलूप लावतो. कुलपाच्या आत कसर लागते आणि ज्यासाठी भांडण झाले ते निमूटपणे भुसा होत जाते.

शास्त्राने या पेचाचा विचार केलेला आहे. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची संख्या मोजली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूतली गुंतलेली आसक्ती, हाच परिग्रह असे सांगितले. या कसोटीवर ग्रंथसुद्धा सुटत नाहीत. दिगंबर मुनींजवळ पिच्छी आणि कमंडलूबरोबर शास्त्र असते, पण ते ज्ञानाचे उपकरण म्हणून. वाचले जाणारे शास्त्र उपकरण ठरते आणि वीस वर्षांत न उघडलेले, तरी दुसऱ्या कोणाला न दिलेले शास्त्र परिग्रहाच्या खात्यात जमा होते.

दुसरी गोष्ट याहून कमी लक्षात घेतली जाते. साधूच्या आचारात पाच समित्या सांगितल्या आहेत. त्यांतली चौथी आदान-निक्षेप समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवांना जपणे. पाचवी उत्सर्ग समिती. तिलाच परिष्ठापना असेही म्हणतात. नको असलेली गोष्ट निर्जीव जागा पाहून, कोणाला पीडा न देता सोडणे, हा तिचा गाभा. व्यवहारात त्यालाच ‘परठवणे’ म्हणतात. फेकणे आणि परठवणे यांत मोठे अंतर आहे. फेकणारा वस्तूकडे पाठ फिरवतो. परठवणारा शेवटपर्यंत तिच्याकडे पाहत असतो. टाकण्याच्या क्रियेलाही व्रताची शिस्त देणाऱ्या समाजाने जुनी पुस्तके कशी सोडावीत याचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही.

ही शिस्त पाळली गेली तर काय घडू शकते, हे दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या कापडपेढीच्या गोष्टीवरून कळते. पेढीवरचे अण्णा आता सत्त्याहत्तर वर्षांचे. घर दुरुस्तीला काढायचे ठरले तेव्हा मुलाने माळा रिकामा करण्याचा आग्रह धरला. अण्णांनी एकच अट घातली: “एकही वही न पाहता जायची नाही.” त्यांना अक्षर दिसेना, तेव्हा नातवाने युक्ती काढली. तो एकेका पानाचे छायाचित्र घेई आणि पडद्यावर मोठे करून आजोबांपुढे धरी. वीस दिवस रोज सायंकाळचे जेवण झाल्यावर तासभर हा उद्योग चाले. नातवाला जमा आणि नावे कळू लागले. आजोबांना नातवाचा सहवास मिळाला.

अठराव्या दिवशी १९७२ सालची रोजकीर्द निघाली. दुष्काळाचे ते वर्ष अण्णांना स्वच्छ आठवत होते. शेजारच्या खेड्यातील एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी उधारीवर कापड नेले होते. पुढे तो म्हणू लागला की शंभर रुपये मी बाजारच्या दिवशी भरले आहेत. खतावणीत त्याच्या नावावर जमा काहीच नव्हते. गादीवर तेव्हा चोवीस वर्षांचे अण्णा बसले होते. त्यांनी भर पेठेत चार माणसांदेखत त्याला खोटारडा ठरवले. शेतकऱ्याने एक शब्द न बोलता आठ दिवसांत ते शंभर रुपये आणून गादीवर ठेवले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी कधी चढला नाही.

नातवाच्या हातातील पडद्यावर, दिवाणजींच्या वळणदार अक्षरात, एका बाजारच्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या नावे शंभर रुपये जमा होते. रोजकीर्दीतून खतावणीत उतरवताना दिवाणजींनी ती रक्कम त्याच आडनावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकली होती. माणूस खरे बोलला होता. पन्नासहून अधिक वर्षे पेढीच्या तिजोरीत शंभर रुपये असे होते, जे पेढीचे नव्हते. अचौर्य अणुव्रत घेतलेल्या अण्णांनी तो पडदा बराच वेळ खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन त्या खेड्यात गेले. शेतकरी वारून बरीच वर्षे झाली होती. साठी ओलांडलेला त्याचा मुलगा दारात आला. अण्णांनी रोजकीर्द उघडून दाखवली, घडलेले सारे सांगितले, हात जोडले आणि व्याजासह रकमेचे पाकीट पुढे केले. तो माणूस थोडा वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तात्या बाजारला जाताना तुमच्या दुकानावरची वाट सोडून लांबनं जायचे, एवढंच आम्हाला ठावं होतं. का जायचे, ते आज कळलं.” पाकीट त्याने घेतले नाही. ‘हे पान तेवढं द्या’ म्हणाला. अण्णांनी ते पान वहीतून जपून वेगळे करून दिले. त्या रकमेतून पुढे गावच्या शाळेला पुस्तके गेली.

त्या वह्या न पाहता रद्दीत गेल्या असत्या तर कायद्याने काहीच बिघडले नसते. उधारीचे येणे वसूल करण्याची मुदतही कायद्यात साधारण तीन वर्षांची असते. मात्र मनातील येणी आणि देणी मुदतीने बाद होत नाहीत. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या सर्व जीवांत लांबची वाट धरणारा तो एक जीव कोण, हे वहीवाचून कळले नसते. आणि ती वही वाचू शकणारा, दिवाणजींचे अक्षर आणि त्या दोन सारख्या आडनावांतला भेद ओळखणारा घरात एकच माणूस उरला होता.

यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. गाठोडे सोडायचे, पण ते ज्याला वाचता येते त्याने, वाचता येते तोवर सोडायचे. मुलांनी हात द्यावेत, डोळे द्यावेत. निर्णय ज्येष्ठाने द्यावा. त्याच्या पश्चात तेच काम मुलांच्या वाट्याला येईल तेव्हा त्यांच्या हाती वेळ नसेल आणि ओळखही नसेल. जिवंतपणी स्वतःच्या हाताने दिले तर त्याला दान म्हणतात. मागे राहिले तर तीच रद्दी होते.

कामाला बसताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हस्तलिखित पोथी असेल तर ती एक पानही वेगळी न करता अभ्यासकाला दाखवावी. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, अहमदाबादचे लालभाई दलपतभाई विद्यामंदिर, गांधीनगरजवळच्या कोबा येथील आचार्य कैलाससागरसूरि ज्ञानमंदिर अशा संस्थांत हस्तलिखिते शास्त्रीय पद्धतीने जपली जातात. वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे तर जुन्या दिगंबर शास्त्रभांडारांसाठी प्रसिद्धच आहे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेसारख्या मालांचे जुने खंड मिळाले तर तेही वजनावर देऊ नयेत; अभ्यासक ते शोधत असतात.

पेढीच्या वह्यांना कायद्याची मुदत पाळावी लागते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात आणि प्रकरण अपिलात असेल तर त्याहून अधिक काळ. म्हणून सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय अलीकडची एकही फाइल हलवू नये. फार जुन्या वह्या, विशेषतः मोडी लिपीतील, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवाव्यात. धान्याचे भाव, वाहतूक, हुंड्या, दुष्काळ यांची नोंद तेथे असते. मधल्या काळातील उधारीच्या याद्या मात्र उघड्यावर विकू नयेत. त्यांत दुसऱ्यांच्या अडचणीच्या दिवसांची नावानिशी नोंद असते. गिऱ्हाइकाची अब्रू सांभाळणे हा व्यापाऱ्याचा जुना धर्म आहे. अशी पाने बारीक फाडूनच लगद्याला द्यावीत.

छापील धर्मपुस्तके उपाश्रयाच्या किंवा मंदिराच्या ज्ञानभांडारात द्यायची तर आधी विचारून, यादी करून द्यावीत. रात्रीच्या वेळी मंदिराच्या पायरीवर गठ्ठा ठेवून निघून जाणे म्हणजे आपली अडचण पुजाऱ्याच्या माथी मारणे. ती पुस्तके नदीत सोडणेही योग्य नव्हे; जलकायिक जीवांचा विचार शिकवणारी पुस्तके पाण्यात टाकणे हा विरोधाभास कोणालाही उमगेल. जीर्ण पत्रिका व चित्रे परठवण्याची व्यवस्था आपल्या संघात आहे का, हे विचारावे; नसेल तर विश्वस्तांनी ती वर्षातून एकदा करावी. कथा, कादंबऱ्या, चरित्रे यांना गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये आहेत, पण तेथेही चांगल्या अवस्थेतील पुस्तकेच द्यावीत. गाठोडे सोडताना मऊ कुंचल्याने जीव बाजूला करावेत. जी पुस्तके राहतील त्यांत वेखंडाचे तुकडे ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते.

आणि काही पुस्तके निःशंकपणे ठेवावीत. उशाशी राहतील एवढी, मोठ्या टाइपाची, रोज हाताळली जाणारी. पाच असोत वा पंचवीस. परिग्रह-परिमाण घेणाऱ्याला संख्या ठरवणे नवे नाही.

श्रुतपंचमीच्या मागची कथा या ठिकाणी आठवावी. परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या वृद्ध आचार्य धरसेनांना आपले आयुष्य थोडे उरल्याची जाणीव झाली. त्यांच्या स्मरणात असलेले श्रुत त्यांच्याबरोबर लोपले असते. त्यांनी मुनिसंघाला निरोप पाठवला, दोन योग्य मुनी मागवले, त्यांची परीक्षा घेतली आणि सारे त्यांच्या स्वाधीन केले. अध्ययन पूर्ण होताच त्यांनी त्या दोघांना जवळ ठेवून घेतले नाही. तेथून निघण्याची आज्ञा दिली. ते दोघे म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी षट्खंडागम लिहिला. त्यावरील धवला टीकेची ताडपत्रे पुढे शतकानुशतके मूडबिद्रीला जपली गेली, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड अमरावतीहून छापून आला. पूर्ण ग्रंथ सोळा खंडांचा झाला.

वृद्धत्वात स्मरण क्षीण होते, डोळे मंदावतात, हात थरथरतात. धरसेनांनी त्यावर घेतलेला उपाय साधा होता: जे जवळ आहे ते ओळखावे, योग्य माणूस शोधावा आणि वेळेत द्यावे. प्रत्येक घरात षट्खंडागम नसतो. पण प्रत्येक माळ्यावर असे काहीतरी असते, जे फक्त एकालाच वाचता येते. येत्या दिवाळीत एकच गाठोडे खाली काढावे. सुतळी ज्येष्ठाने सोडावी आणि पान नातवाने धरावे.